ठिणग्यांच्या वाटेवरची घरं

सोमवार, ६ जानेवारी २०२५. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या लॉस एंजेलिस विभागाने एक इशारा दिला. उद्यापासून सुटणारा वारा जिवावर बेतेल, मोठं नुकसान करेल. हवा कमालीची कोरडी असेल आणि कुठे आग लागलीच तर ती झपाट्याने पसरेल, असा त्याचा आशय होता. नेहमीच्या ‘रेड फ्लॅग’ इशाऱ्याच्याही वरची, फार क्वचित वापरली जाणारी पायरी या वेळी वापरली गेली. अंदाज खरा ठरला. मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास समुद्रालगतच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागातल्या डोंगरावर धूर दिसला. त्याच संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास शहराच्या पूर्वेकडे, सॅन गेब्रियल डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या ईटन कॅन्यनमध्ये दुसरा वणवा पेटला. त्याच्या वाटेवर अल्टाडेना हे सुमारे ४२ हजार वस्तीचं गाव होतं.

म्हणजे इशारा आधी मिळाला होता. अग्निशमन दल जगातल्या सर्वांत सुसज्ज दलांपैकी एक होतं. विमानं, हेलिकॉप्टरं, बंब, हजारो जवान, सगळं होतं. तरीही ३१ जानेवारीला दोन्ही आगी पूर्ण आटोक्यात आल्याचं जाहीर झालं, तोवर १६ हजारांहून अधिक इमारतींची राख झाली होती. मृतांचा आकडा पुढे तीसवर गेला. हे असं का झालं, याचं उत्तर ज्वाळांपेक्षा वाऱ्यात अधिक सापडतं आणि त्याहून अधिक घरांच्या वळचणीला, पन्हळीत, रस्त्यांवर आणि वेळेवर न वाजलेल्या फोनमध्ये सापडतं.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या वाऱ्याला ‘सांता आना’ म्हणतात. नेवाडा आणि युटाच्या उंच, कोरड्या प्रदेशावर जड हवा साठते, तिथला दाब वाढतो. समुद्राकडे दाब कमी असतो. मग ती हवा डोंगरांमधल्या खिंडींतून किनाऱ्याकडे खाली धावते. खाली उतरताना ती दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं नळकांडं गरम लागतं, तसंच. दर किलोमीटरच्या उतरणीला तापमान साधारण १० अंश सेल्सियसने चढतं. आधीच रुक्ष असलेली हवा तापून आणखी रुक्ष होते, सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या खाली जाते. अरुंद खिंडीत शिरताना वेग वाढतो. त्या जानेवारीत काही डोंगरमाथ्यांवर वाऱ्याचे झोत ताशी १३० ते १६० किलोमीटरपर्यंत पोचले. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा झोतांचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होता. पण त्याच्यासोबत धो धो पाऊस होता. इथे पावसाचा थेंब नव्हता.

जळायला मात्र भरपूर होतं. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. २०२२-२३ आणि २०२३-२४ हे दोन हिवाळे चांगले ओले गेले, डोंगरांवर गवत आणि झुडपं माजली. त्यानंतर पावसाने तोंड फिरवलं. मे २०२४ पासून जानेवारी २०२५ च्या सुरुवातीपर्यंत लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात जेमतेम ४ मिलिमीटर पाऊस झाला. वणव्यांशी लढणारी माणसं सरपणाची प्रतवारी तासांवर करतात. गवताची काडी तासाभरात भोवतालच्या हवेसारखी कोरडी होते, म्हणून ते तासाभराचं इंधन. बोटाएवढ्या काटक्या दहा तासांच्या, जाड ओंडका हजार तासांचा, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांचा. तिथे आठ महिने उलटून गेले होते. सगळ्याच प्रतींचं इंधन तयार होतं. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने त्याच महिन्याच्या अखेरीस केलेल्या विश्लेषणानुसार, माणसाने ओढवलेल्या तापमानवाढीमुळे आगीला पोषक अशा या हवामानाची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली होती.

एरवी वणवा चढाकडे धावतो. खालच्या ज्वाळा वरचं गवत तापवतात, सुकवतात आणि आग डोंगर चढत जाते. सह्याद्रीत वणवा विझवलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. सांता आना वाऱ्यात हे गणित उलटतं. वारा आगीला उतारावरून खाली, वस्तीच्या दिशेने रेटतो. आणि तोच वारा विमानांना जमिनीवर अडकवून ठेवतो. ७ जानेवारीच्या रात्री पाणी टाकणारी विमानं आणि हेलिकॉप्टरं थांबवावी लागली. जी यंत्रणा एरवी हमखास कामी येते, ती नेमकी गरजेच्या वेळी हाताशी नव्हती.

वणव्याचं चित्र डोळ्यांसमोर आणताना बहुतेकांना दिसते ती पेटलेली, पुढे पुढे सरकणारी ज्वाळांची भिंत. घरं मात्र बऱ्याचदा त्या भिंतीने पेटत नाहीत. ती पेटतात ठिणग्यांनी. जळती साल, फांद्यांचे तुकडे, छपरांचे ढलपे वाऱ्यावर उडतात आणि आगीच्या पुढे शेकडो मीटर, कधी दोन-तीन किलोमीटरवर जाऊन पडतात. त्या ठिणग्या पन्हळीतल्या पाचोळ्यात शिरतात, पायपुसण्यावर पडतात, लाकडी कुंपणाच्या बेचक्यात साठतात, पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत जातात. अनेक घरं आतून पेटतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळेपर्यंत छप्पर गेलेलं असतं. एक घर पेटलं की ते काही तास धगधगत राहतं आणि स्वतःच हजारो ठिणग्या उधळतं. यानंतर जंगलाची गरज उरत नाही. घर घराला पेटवत जातं.

म्हणूनच अशा आगीनंतरची हवाई छायाचित्रं बुचकळ्यात टाकतात. उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅरेडाइज असो, हवाईतलं लहायना असो की अल्टाडेना, राखेच्या चौकोनांच्या शेजारी झाडं उभी दिसतात, काही तर हिरवी. आग जंगलातून लाटेसारखी आली असती, तर आधी झाडं गेली असती. अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन कित्येक वर्षं हेच सांगत आले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या आगी मुद्दाम लावून प्रयोग केले गेले. त्यात लाकडी भिंती वेगवेगळ्या अंतरांवर उभ्या केल्या होत्या. जंगलाच्या कडेपासून १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. झाडांच्या शेंड्यांपर्यंत भडकलेली आगही तेवढ्या अंतरावरून केवळ उष्णतेने घर पेटवू शकली नाही. कोहेन यांचा निष्कर्ष साधा होता: घर राहणार की जाणार, हे मुख्यतः घर आणि त्याच्या भोवतालची तीसेक मीटर जागा ठरवते. डोंगरावरचं अख्खं जंगल कापून हे साधत नाही.

यातून आलेले नियम अगदी घरगुती आहेत. २००८ पासून कॅलिफोर्नियात धोक्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना न पेटणारं छप्पर आणि ठिणग्या अडवणारे झरोके बंधनकारक आहेत. जुन्या घरांसाठी सल्ला असा की झरोक्यांना तीन मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक धातूची जाळी बसवावी. पन्हळी साफ ठेवाव्यात, वळचणीच्या फटी बुजवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचं, भिंतीला लागून दीड मीटरचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवावा: झुडूप नको, लाकडाची मोळी नको, लाकडी कुंपणाचं टोक भिंतीला टेकलेलं नको. या पट्ट्याला तिथे ‘झोन झीरो’ म्हणतात. त्यासाठीचा कायदा २०२० मध्ये झाला, पण प्रत्यक्ष नियमावली रखडत राहिली. लोकांचा विरोध समजण्यासारखा आहे. खिडकीखालचा गुलाब कुणाला उपटावासा वाटेल? तरीही पुराव्याचं पारडं मोकळ्या पट्ट्याच्याच बाजूने झुकतं, आणि या दिरंगाईचं समर्थन करता येत नाही.

आपण डोंगरापासून लांब आहोत, या समजुतीत राहणाऱ्यांसाठी सांता रोझा शहरातल्या कॉफी पार्कचं उदाहरण पुरेसं आहे. सपाटीवरची, मध्यमवर्गीय, एकाला एक लागून घरं असलेली वसाहत. धोक्याच्या नकाशात ती नव्हती. ऑक्टोबर २०१७ मधल्या टब्स आगीने रात्रीतून सहापदरी महामार्ग ओलांडला आणि ही वसाहत जाळून टाकली. त्या आगीत २२ माणसं गेली.

पाण्याबद्दल पॅलिसेड्सनंतर फार आरडाओरडा झाला, कारण उंचावरचे हायड्रंट कोरडे पडले. त्या भागाला पाणी देणाऱ्या तीन टाक्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या. जवळचा सांता यनेझ जलाशय दुरुस्तीसाठी कित्येक महिने रिकामा होता. त्यावरचा राग रास्त आहे. पण शहराचं पाणीजाळं एकावेळी एखाददुसरी इमारत विझवायला बांधलेलं असतं. शेकडो घरं एकदम पेटली की प्रत्येक जळालेल्या घराचा नळ फुटून वाहू लागतो, वरच्या भागातला दाब कोसळतो. म्हणूनच घर सोडून जाताना बागेतले फवारे चालू ठेवू नका, असं अग्निशमन दल सांगतं. प्रत्येक चालू नळ बंबाच्या तोंडचं पाणी काढून घेतो.

विझलेली आग खरोखर विझलेली असते का, हा प्रश्न वाऱ्याच्या दिवसांत जिवाचा होतो. माउई बेटावरच्या लहायना गावात ८ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी वीजवाहिनी तुटून गवत पेटलं होतं. जवानांनी ते विझवलं, पहारा दिला आणि ते परतले. दुपारी त्याच जागी आग पुन्हा उसळली. ऊसमळे बंद पडल्यानंतर ओसाड जमिनीवर फोफावलेलं परदेशी गवत, डोंगरावरून उतरणारा कोरडा वारा, आणि समुद्रापर्यंत लागोपाठ लाकडी घरं. १०२ माणसं मेली. बेटावरचे धोक्याचे भोंगे वाजवलेच गेले नाहीत. पॅलिसेड्सच्या बाबतीतही तपास यंत्रणांनी पुढे असंच सांगितलं: १ जानेवारीला त्याच डोंगरावर लागलेली एक छोटी आग विझल्यासारखी वाटली, पण ती झुडपांच्या मुळांत धुमसत राहिली आणि सहा दिवसांनी वाऱ्याने तिला वर काढलं.

वाऱ्याला आणि आगीला जोडणारा आणखी एक दुवा म्हणजे विजेची तार. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅरेडाइज हे सुमारे २६ हजार वस्तीचं गाव काही तासांत संपलं. सुरुवात झाली ती जवळपास शंभर वर्षं जुन्या मनोऱ्यावरचा एक झिजलेला आकडा तुटून. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून अधिक इमारती गेल्या. वीज कंपनी पीजी अँड ईने २०२० मध्ये न्यायालयात ८४ मृत्यूंबाबत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. पॅरेडाइजच्या आगीनंतर जोराच्या वाऱ्यात मोठ्या भागाची वीज आधीच बंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्याने आगी टळतात. पण ज्याच्या घरात प्राणवायूचं यंत्र विजेवर चालतं, त्याच्यासाठी ती दुसरीच आणीबाणी असते. कंपन्यांनी अशा घरांना बॅटऱ्या पुरवणं हा उपकार मानता कामा नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं काही ओळखीचं वाटेल, काही नाही. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत जातो, गवत आणि पाचोळा खातो. तो शहर गिळत नाही. पण ऋतूंचं गणित तेच आहे. पावसाळ्यात कमरेइतकं वाढलेलं गवत, मग महिनोन्‌महिने कोरड, आणि फेब्रुवारी ते मे या काळात दुपारचा वारा. कोकणात दरवर्षी आंबा-काजूच्या बागा अशा आगीत होरपळतात. दहा-बारा वर्षं जोपासलेली कलमं एका दुपारी जातात. विदर्भात मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि ती आग जंगलात पसरते. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी जंगल पेटलं, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकण्यासाठी बोलवावी लागली. वनखातं जाळरेषा काढतं, डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून टिपलेल्या आगींचे इशारे मोबाइलवर पाठवते. बागायतदारांनी बांधाभोवती गवत कापून जो मोकळा पट्टा ठेवायचा असतो, त्यामागचं तत्त्व आणि कॅलिफोर्नियातल्या दीड मीटरच्या पट्ट्यामागचं तत्त्व एकच आहे. सह्याद्रीच्या उतारांवर, गवताच्या समुद्रात लाकडी सज्जांचे बंगले आणि रिसॉर्टं ज्या वेगाने उभी राहत आहेत, ते पाहता हा हिशेब त्यांच्या मालकांनीही करायला हवा.

घर वाचलं म्हणून सुटका होते असंही नाही. जळालेल्या वस्तीचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. त्यात प्लास्टिक, रंग, बॅटऱ्या, वायरी, जुन्या घरांतल्या रंगातलं शिसं, सगळं असतं. अल्टाडेनात उभ्या राहिलेल्या कित्येक घरांत राखेचा थर होता आणि तपासण्यांत शिसं आढळलं. धुराच्या दिवसांत सर्जिकल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही. एन-९५ लागतो, तोही नीट बसलेला. घरातली एक खोली निवडून तिच्या फटी बंद कराव्यात आणि तिथे हवा गाळणारं यंत्र चालवावं. राख झाडूने लोटू नये, ती पुन्हा हवेत जाते; ओल्या फडक्याने पुसावी.

पण सर्वांत आधी माणसं बाहेर पडायला हवीत आणि ईटनच्या आगीत तिथेच घात झाला. अल्टाडेनाच्या मधून लेक अॅव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. इतर ठिकाणी कृष्णवर्णीयांना घरं विकली जात नव्हती, त्या काळात त्याच्या पश्चिमेला त्यांनी घरं घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली. ७ जानेवारीला पूर्वेकडच्या भागांना संध्याकाळीच बाहेर पडण्याचे इशारे गेले. पश्चिमेकडे आग शिरल्याच्या खबरा मध्यरात्रीच्या आधीच येऊ लागल्या होत्या, तरी तिथे स्थलांतराचा आदेश निघाला पहाटे साडेतीनच्या सुमारास. ईटन आगीतले जवळपास सगळे मृत्यू लेक अॅव्हेन्यूच्या पश्चिमेचे आहेत. काउंटीने नेमलेल्या परीक्षणाने सप्टेंबर २०२५ मध्ये जुनाट पद्धती, अपुरं मनुष्यबळ आणि अस्पष्ट जबाबदाऱ्यांवर बोट ठेवलं. याउलट ९ जानेवारीला एका छोट्या भागासाठीचा इशारा चुकून काउंटीच्या सुमारे एक कोटी लोकांच्या फोनवर गेला. ज्यांना हवा होता त्यांना मिळाला नाही, ज्यांना नको होता त्यांना मिळाला. यंत्रणेवरचा विश्वास असाच ढासळतो.

त्या पोकळीत ‘वॉच ड्यूटी’ नावाचं अॅप लोकांच्या कामी आलं. २०२१ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था. निवृत्त जवान आणि वायरलेसवर कान लावून बसणारे अनुभवी स्वयंसेवक आगीची हालचाल पडताळून नकाशावर टाकतात. सरकारी यंत्रणेची जागा ते घेऊ शकत नाही, घेऊही नये.

बाहेर पडण्याच्या तयारीत अगदी बारीक गोष्टी जीव वाचवतात. २०१७ च्या आगींत काही वृद्ध गॅरेजमध्ये अडकून मेले, कारण वीज गेल्यावर विजेवरचं दार उघडलं नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला: जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक दारयंत्राला बॅटरी हवीच. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावावी, टाकी भरलेली असावी, अंगावर सुती किंवा लोकरी कपडे आणि पायात चामड्याचे बूट असावेत, कारण कृत्रिम धागा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. औषधं, कागदपत्रं, चष्मा एका पिशवीत आधीच भरलेले असावेत. पॅलिसेड्सच्या वळणदार रस्त्यांवर वाहतूक तुंबली, लोक गाड्या सोडून पळाले आणि बंबांना वाट करून द्यायला त्या गाड्या बुलडोझरने बाजूला लोटाव्या लागल्या. उशिरा निघणाऱ्याच्या नशिबी हे येतं.

पॅरेडाइजमध्ये मेलेल्यांत बहुसंख्य ६५ वर्षांवरचे होते, अल्टाडेनातही म्हातारी आणि अपंग माणसंच अधिक गेली. ज्यांना गाडी चालवता येत नाही, कानाला फोन ऐकू येत नाही, पलंगावरून उठायला दुसरा माणूस लागतो, त्यांच्यासाठी ‘आदेश’ ही पायरी उशिराची असते. त्यांनी ‘इशारा’ आल्याबरोबर निघायचं, आणि कुणी कुणाला न्यायचं हे शेजाऱ्यांनी वारा सुटण्याच्या आधीच नावानिशी ठरवून ठेवायचं, असं आता अग्निशमन दलं सांगतात.